गादेसच्या वेशीवरचा सेर्वान्दो

सेर्वान्दो किरोसला गाणी सुचायची ती कढईसमोर. ला विन्या मोहल्ल्यात त्याचं तळलेल्या माशांचं दुकान. व्हिनेगरात मुरवलेले मुशीचे तुकडे पिठात घोळवून तेलात सोडले, की तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायला लागायचा. रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. ‘‘लागली कोणाची तरी वाट!’’

लागायचीच. फेब्रुवारीत कार्निव्हल आलं, की सेर्वान्दोचा फड सोंगं घेऊन रस्त्यावर उतरायचा आणि वर्षभर त्या रांगेत जे जे कुजबुजलं गेलं, ते पिपाण्यांच्या सुरात चव्हाट्यावर यायचं. शब्द सेर्वान्दोचे, ढोल त्याच्या जुळ्या भावाचा, हेर्मानचा. ला विन्या ज्या स्पॅनिश बंदरात, त्या कादिस शहराचे राखणदार संत दोन, सेर्वान्दो आणि हेर्मान. त्यामुळे किरोसबाईंना जुळे झाले तेव्हा नावं शोधायचा त्रास कोणी घेतला नाही. त्या शहरात अशा जोड्या ढिगानं सापडतात. एकाला हाक मारली की चार वळून बघतात.

मोठ्या नाटकगृहातल्या कार्निव्हलच्या स्पर्धेच्या वाटेला हा फड कधी गेला नाही. ‘‘तिथं परीक्षक असतात,’’ सेर्वान्दो म्हणायचा, ‘‘इथं शेजारी असतात. परीक्षक परवडले.’’

आता सेर्वान्दोच्या लॅटिनबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. लहानपणी आईनं त्याला पाद्री करायचं ठरवून पाद्र्यांच्या विद्यालयात घातलं होतं. तिथं तो काही वर्षं टिकला. मग एकदा त्यानं बिशपची नक्कल केली, ती हुबेहूब वठली, आणि मागे बिशप उभे होते. घरी परत आला तेव्हा डोक्यात लॅटिन होतं तेवढं दोन पावसाळ्यांत वाहून गेलं. एक शब्द तेवढा चिकटून राहिला : गादेस.

रोमन लोक कादिसला गादेस म्हणत. हे मोहल्ल्यात कोणाला माहीत नव्हतं असं नाही, पण सेर्वान्दोइतकं कोणाला माहीत नव्हतं. पाहुणा आला, सोयरीक झाली, कोणी मेलं, की हा ग्लास उंचावून सुरू. ‘‘मंडळी, शहराचं नाव काळानं झिजवून कादिस केलं. पण माणसांना विचारा, तुम्ही कोण? कादिसानो म्हणतो का कोणी? आपण गादितानो! दोन हजार वर्षं झाली, रोम गेलं, बादशहा गेले, आपण लॅटिन अंगावर वागवतोय. अंगावर!’’

‘‘सेर्वान्दो,’’ त्याची बायको कान्देलारिया गल्ल्यावरून ओरडायची, ‘‘तुझं लॅटिन करपतंय!’’ आणि तो धावत कढईकडे जायचा.

दुकानाला लागून ब्राहिम शिंप्याचं दुकान. ब्राहिम समुद्रापलीकडचा, मोरोक्कोतल्या अगादिरचा. तरुणपणी आला तेव्हा त्याच्याजवळ एक कात्री होती आणि स्पॅनिशमधले दोन शब्द होते, त्यातला एक सभ्य नव्हता. आता त्याची बायको फाद्मा मोहल्ल्यातल्या अर्ध्या बायकांची मैत्रीण होती, आणि त्याची मुलगी तिझिरी इथंच जन्मली होती. ती इतक्या ठसक्यात ला विन्याची बोली बोलायची, की माद्रिदच्या माणसाला दुभाष्या लागावा. ब्राहिम स्वतः मशिदीत जायचा, पण ईस्टरच्या पवित्र आठवड्यात मिरवणुकीच्या बुरख्यांना टिपा घालायचाही तोच. आणि सेर्वान्दोच्या फडाची सोंगंही तोच शिवायचा. कधी डुकरं, कधी नन, एकदा अख्ख्या फडाची तळलेली कोळंबी केली होती त्यानं, मिशांसकट. शिलाई घ्यायचा नाही.

‘‘मला एक कडवं दे,’’ तो म्हणायचा. ‘‘हिशेब चुकता.’’

ही मागणी साधी वाटते, पण नव्हती. ला विन्यात माणूस मोहल्ल्याचा झाला, हे घर घेतल्यानं ठरत नाही, की पोरं शाळेत गेल्यानं ठरत नाही. त्याच्यावर कडवं झालं, की तो आपला. बुर्गोसहून आलेला औषधवाला कितीतरी वर्षं ‘तो बुर्गोसचा’ होता. मग सेर्वान्दोनं त्याच्या खोट्या केसांच्या टोपावर चार ओळी केल्या, तो लेवांते वाऱ्यानं उडून मासळीबाजारात पडला आणि कोळिणीनं वजनात घातला, अशा. औषधवाला बायकोपोरांसह पहिल्या रांगेत उभा राहून ऐकत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, फडाला वाइन पाजली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो ‘आमचा टोपवाला’ झाला. रीतच अशी. ज्याच्यावर कडवं, त्यानं समोर उभं राहून ऐकायचं, सगळ्यांत मोठ्यानं हसायचं, आणि फडाचं तोंड ओलं करायचं.

ब्राहिम दर वर्षी मापं घेता घेता विचारायचा, ‘‘काय कविराज, यंदा तरी?’’

‘‘तुझ्यात टर उडवण्यासारखं काही सापडतच नाही रे.’’

‘‘फाद्माला विचार. तिच्याकडे भरपूर माल आहे.’’

दोघं हसायचे. टाचण्या तोंडात धरून हसण्याची कला फक्त ब्राहिमलाच साधली होती.

त्या वर्षी सोंग ठरलं गादेसच्या वेशीवरच्या रोमन पहारेकऱ्यांचं. कल्पना अर्थातच सेर्वान्दोची. शहराच्या वेशीवर उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं, खरा गादितानो आहे की नाही याची परीक्षा घ्यायची, आणि एकेका शेजाऱ्याला कडव्यातून आत सोडायचं. ब्राहिमनं लाल झगे शिवले, पुठ्ठ्याच्या छात्यांना सोनेरी कापड चढवलं, आणि शिरस्त्राणांवर झाडूचे ब्रश बसवले. हेर्मानच्या अंगावर झगा चढवून बघताना ब्राहिम म्हणाला, ‘‘वेशीवर मीही येणार आहे ना?’’

‘‘येणार आहेस,’’ सेर्वान्दो म्हणाला. ‘‘शब्द दिला.’’

ब्राहिमनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि फाद्माला आतल्या खोलीत हाक मारून त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. फाद्मा बाहेर आली, दोन्ही हात छातीवर ठेवून सेर्वान्दोकडे बघून हसली, आणि परत आत गेली.

सेर्वान्दोनं कडवं केलंही. चांगलं केलं होतं. ब्राहिमच्या सुईनं अर्धं गाव शिवलंय, एका टोकाला नन आणि दुसऱ्या टोकाला डुक्कर, दोघांच्या कमरेचं माप त्यालाच ठाऊक, म्हणून वेशीचं दार त्याला आधी उघडा, असं काहीतरी. तालमीत म्हणून दाखवलं. फडानं ऐकलं, माना हलवल्या.

‘‘छान आहे,’’ हेर्मान म्हणाला. ‘‘बारशाला म्हणू. हसायचं कुठं?’’

रस्त्यावर गाणाऱ्याला ‘छान आहे’ म्हणजे थोबाडीत. सेर्वान्दोचा चेहरा पडला. त्यानं गिटार खाली ठेवली, आणि मग एकाएकी, कढईसमोर सुचावं तसं, त्याच्या तोंडून निघालं :

*दारी आला शिंपी ब्राहिम, म्हणे उघडा वेस,*
*शिवून दिलाय मीच तुमचा हा रोमन राजवेष!*
*आम्ही म्हणालो, वेष तुझा रे, नाव आमचं गादेस,*
*जीभ तुझी ती वळायची नाही, बस बोटीत नि गाठ तुझा देस!*

फड कोसळला. एकजण खुर्चीवरून खाली घसरला. हेर्माननं ढोलावर अशी काही थाप मारली, की वरच्या मजल्यावरच्या म्हातारीनं काठी आपटली. सेर्वान्दो स्वतःही हसत होता. ती हसण्याची लाट अंगावर आली, की गाणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही. तिची चटक वाइनपेक्षा वाईट.

हसणं ओसरल्यावर हेर्माननं ढोलाची दोरी आवळता आवळता सहज विचारलं, ‘‘काय रे, ब्राहिमचं गाव अगादिर ना? आणि आपलं गादेस. एकाच घरातली वाटतात की दोन्ही नावं.’’

‘‘योगायोग,’’ सेर्वान्दो म्हणाला. ‘‘लॅटिन आहे ते.’’

योगायोग नव्हता, आणि हे सेर्वान्दोला ठाऊक होतं. विद्यालयात फादर आन्सेल्मो म्हणून लॅटिन शिकवायचे. त्यांना मुलांचा गर्व उतरवण्यात फार गोडी. एक दिवस त्यांनी फळ्यावर गादेस लिहिलं आणि विचारलं, ‘‘हे नाव कोणाचं?’’ सगळी पोरं ओरडली, रोमनांचं! फादरांनी डस्टरनं अर्धा शब्द पुसला आणि त्याजागी दुसरी अक्षरं लिहिली : गादिर. ‘‘गाढवांनो, रोमन यायच्या कितीतरी आधी फिनिशियन व्यापारी बोटींतून इथं उतरले. त्यांनी या बेटावर भिंत घातली. गादिर म्हणजे त्यांच्या भाषेत भिंत, तट. ग्रीकांच्या तोंडी त्याचं गादेइरा झालं, रोमनांनी गादेस केलं, अरबांनी कादिस, आपण तेच उचललं. रोमनांनी नाव दिलं नाही, उसनं घेतलं. आणि तेच फिनिशियन समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरही गेले. तिथल्या लोकांच्या बोलीत अजूनही तटबंदीला अगादिर म्हणतात.’’ हा धडा सेर्वान्दो विसरला नव्हता. पण भाषणाला तो अडचणीचा होता. फिनिशियन आले, की ‘लॅटिन अंगावर वागवतोय’ची हवाच निघते. म्हणून त्यानं तो धडा बाजूला सारून ठेवला होता, आणि इतकी वर्षं गादेस म्हणत राहिला.

त्या क्षणी तो बोलला असता, तर कडवं तिथंच मेलं असतं. तो बोलला नाही. ती हसण्याची लाट अजून त्याच्या कानांत होती.

कार्निव्हलच्या सोमवारी दुपारी ला पाल्मा चर्चच्या कोपऱ्यावर गर्दी इतकी, की समुद्रातले काटेरी साळू फोडून खाणाऱ्यांच्या कोपरांनी माणसांचे कपडे चिकट झाले होते. फड चर्चच्या पायऱ्यांवर चढला. सेर्वान्दोला पहिल्या रांगेत ब्राहिम दिसला. त्यानं पांढराशुभ्र सदरा घातला होता, वर लग्नातला कोट. शेजारी फाद्मा, नवीन निळ्या पोशाखात. तिझिरीनं सुट्टी काढून ठेवलेली. तिनं फोन वर धरला होता, चित्र टिपायला. आणि फाद्माच्या हातात पितळी ताटात बदामाचं सारण भरलेल्या करंज्यांसारख्या कितीतरी मिठाया, मागच्या बाकावर पुदिन्याच्या चहाची भली मोठी किटली, गरम राहावी म्हणून दुलईत गुंडाळलेली. रीतीप्रमाणे फडाचं तोंड ओलं करायचं, आणि वाइन तर त्यांच्या घरात नसते. सगळं कसं विचार करून आणलं होतं.

टोपवाला औषधवाला ब्राहिमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘आज तुझा दिवस! सोस आता.’’

‘‘सोसतो की,’’ ब्राहिम म्हणाला. आनंदानं त्याचे कान लाल झाले होते.

हे कडवं गाळता येईल, असं सेर्वान्दोच्या मनात आलंही. पण गाळलं असतं तर ब्राहिम आणखी एक वर्ष थांबला असता, आणि तोही एका परीनं अपमानच. म्हणजे असं त्यानं स्वतःला पटवलं. खरं कारण एवढंच, की पुढचं कडवं सगळ्यांत चांगलं आहे, हे त्याला ठाऊक होतं.

पहिल्या ओळीला ब्राहिमनं फाद्माचा दंड धरला. दुसऱ्या ओळीला, राजवेषावर, तो खदखदून हसला आणि आजूबाजूला बघून ‘मीच, मीच’ असं छातीवर बोट ठेवून दाखवलं. तिसरी ओळ. चौथी ओळ. गर्दीतून हास्याचा असा लोट उठला, की कबुतरं उडाली.

ब्राहिमही हसला. रीत होती ना! तोंड उघडलं, दात दिसले, आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, जागा न सुटलेल्या टाक्यासारखं. फाद्माला गाण्यातलं स्पॅनिश भरभर कळत नसे. तिनं नवऱ्याला विचारलं. त्यानं काहीतरी सांगितलं, पण ते चौथ्या ओळीइतकं लांब नव्हतं. फाद्मा हसली. तिझिरीनं फोन खाली घेतला.

मग सगळ्यांत वाईट झालं. त्यांनी चहा पाजला. ब्राहिमनं एकेकाच्या हातात पेला दिला, फाद्मानं ताट फिरवलं, आणि फडानं लाल झगे सावरत मिटक्या मारल्या. ‘‘वा, ब्राहिम! वा, वहिनी!’’ सेर्वान्दोच्या हातातही पेला आला. चहा इतका गोड होता, की त्यानं पेला तसाच पायरीवर ठेवून दिला. तिझिरी त्याच्याजवळ आली.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘मी कुठल्या देशाची बोट धरू?’’

‘‘अगं, थट्टा गं,’’ सेर्वान्दो म्हणाला. ‘‘थट्टा आहे ती.’’

‘‘हो, कळली की. तुम्ही लिहिलेली आहे ना, लगेच कळते.’’ ती आईच्या हातातलं रिकामं ताट घेऊन निघून गेली.

इथवर झालं असतं, तरी सेर्वान्दोनं कसंतरी पचवलं असतं. पण कडवं गाजलं. लोकांनी फोनवर टिपलेलं मोहल्ल्याबाहेर गेलं, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीतल्या पोरांनाही तोंडपाठ. फड ज्या कोपऱ्यावर उभा राहील तिथं गर्दी ओरडायची, ‘‘शिंपी! शिंपी म्हणा!’’ बाजाराच्या कोपऱ्यावर सेर्वान्दोनं ते गाळून पुढचं सुरू केलं, तर गर्दीनंच ते सगळं म्हणून घेतलं आणि शेवटच्या शब्दाला ढोलाची थाप हेर्माननं दिली. दुसऱ्या कोपऱ्यावर त्यानं ते गाळलं नाही. तिसऱ्याही नाही. टाळ्या पडल्या, की त्यानं शिरस्त्राण काढून लवूनही दाखवलं. कार्निव्हल संपेपर्यंत तो ते गात राहिला, आणि प्रत्येक वेळी गाताना त्याला ब्राहिमचा तो चेहरा दिसत राहिला. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

पोरं ब्राहिमच्या दुकानावरून जाताना गुणगुणायची. वाईट बुद्धीनं नाही. गाणं तोंडात बसलं होतं, एवढंच. ब्राहिम मान वर करत नसे. शिलाईयंत्र तेवढं जोरात चालायला लागायचं.

ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले, रस्त्यावरची कागदी रद्दी झाडून झाली, आणि एका सकाळी सेर्वान्दो आपला कोट आणायला ब्राहिमकडे गेला. कोपराला ठिगळ लावायला कधीचा दिलेला. खरं म्हणजे कोट हे निमित्त. काहीतरी बोलावं, हसावं, झालं गेलं पाण्यात सोडावं, असा बेत होता.

ब्राहिमनं कोट काढला, झटकला, घडी घातली. ठिगळ असं लावलं होतं, की शोधून सापडू नये. ‘‘घ्या, सेन्योर किरोस,’’ तो म्हणाला. ‘‘बघून घ्या, बाहीत ओढ वाटत असेल तर सांगा.’’

इतक्या वर्षांत ब्राहिमनं सेर्वान्दोला गाढवा म्हटलं होतं, कवड्या म्हटलं होतं, एकदा पँटच्या मापावरून म्हैस म्हटलं होतं. अहो-जाहो कधी केलं नव्हतं.

‘‘ब्राहिम, अरे, ते कडवं...’’

‘‘चांगलं होतं,’’ ब्राहिम म्हणाला. ‘‘लोकांना फार आवडलं. आणखी काही शिवायचं होतं का?’’

संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सेर्वान्दो पिठाच्या परातीत बोटं फिरवत बसला होता.

‘‘एक विचारू?’’ कान्देलारिया गल्ल्यावरून म्हणाली. ‘‘लग्न ठरलं तेव्हा तू मला तटावर फिरायला न्यायचास. आठवतं? एकदा हात धरून सांगितलंस, या भिंतीवरून शहराचं नाव पडलंय, बोटीतून आलेल्या लोकांनी दिलेलं. मला वाटलं, काय हुशार नवरा मिळतोय. मग लग्नात ग्लास उंचावलास आणि रोमन रोमन करत सुटलास. मी म्हटलं असेल, लग्नात जरा मोठं बोलायचं असतं.’’

सेर्वान्दो परातीतलं पीठ सारखं करत राहिला.

‘‘म्हणजे तुला माहीत होतं.’’

‘‘माहीत होतं,’’ सेर्वान्दो म्हणाला.

‘‘आणि त्याच्या गावाचंही?’’

त्यानं मान हलवली. कान्देलारियानं गल्ला बंद केला. ‘‘माझ्या आईला अशा माणसासाठी एक शब्द होता,’’ ती म्हणाली, ‘‘पण तो लॅटिन नाही, तुला झेपायचा नाही.’’

त्या आठवड्यात त्यानं नवीन कडवं केलं. कढईसमोर नाही, कढईसमोर सुचेचना. फडाला बोलावून म्हणून दाखवलं आणि सांगितलं, हे रस्त्यावर म्हणायचं.

‘‘आता?’’ हेर्मान म्हणाला. ‘‘उपासाच्या दिवसांत? वेड लागलं का? झगे पेटीत गेले, ढोलाची दोरी सैल केली. रविवारी चर्चच्या दारात आई गाठेल आपल्याला.’’

‘‘पुढच्या कार्निव्हलला म्हणू,’’ दुसरा कोणी म्हणाला.

‘‘तोवर तो अहो-जाहोच करत राहील,’’ सेर्वान्दो म्हणाला. कोणाला काही कळलं नाही.

‘‘आणि एकदा गाजलेलं कडवं मागे घेता येतं होय?’’ हेर्मान म्हणाला. ‘‘लोक जुनंच म्हणणार. तुझ्या या नव्यात हसायचं तर कुठंच नाही.’’

‘‘आहे,’’ सेर्वान्दो म्हणाला. ‘‘माझ्यावर.’’

गुरुवारी सकाळी, मासे घेणाऱ्यांची रांग लागली असताना, सेर्वान्दोनं कढईखालचा गॅस बंद केला. रांग कुरकुरली. तो पिठानं माखलेला एप्रन तसाच लावून बाहेर आला आणि ब्राहिमच्या दुकानासमोर उभा राहिला. ना सोंग, ना पिपाणी, ना ढोल. लेवांते सुटला होता. रस्त्यावरच्या पताकांचे उरलेसुरले तुकडे कोपऱ्यात गोळा होत होते. कार्निव्हल नसताना रस्त्यात गाणारा माणूस ला विन्यात एकतर प्यालेला असतो किंवा विधुर. सेर्वान्दो यांतला कोणीच नव्हता, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं तोंड उघडलं, तर पहिला सूर भलताच लागला.

*रोमचा शिपाई खोटं बोलला, नाव नव्हतं त्याचं,*
*बोटीमधून उतरलेल्या परक्या माणसांचं.*
*गादिर म्हणजे भिंत, ती त्यांनी बांधली या तीरावर,*
*तीच भिंत नि तेच नाव ब्राहिमच्या गावावर.*
*‘घरी जा’ म्हटलं ज्याला आम्ही, त्याचंच घर हे आधी,*
*ठाऊक होतं सेर्वान्दोला, लाज नव्हती साधी!*

कोणी हसलं नाही. रांगेतल्या एका बाईनं विचारलं, ‘‘संपलं?’’ टोपवाला औषधवाला दाराशी उभा राहून आपले बूट बघत होता. गाणाऱ्याच्या आयुष्यात शांतता ही सगळ्यांत वाईट शिक्षा, आणि ती सेर्वान्दोनं त्या दिवशी भर बाजारवेळेला, पिठाच्या हातांनी, उभ्या उभ्या भोगली. त्याचे कान भट्टीसारखे तापले होते.

ब्राहिम दारात आला होता. तोंडात टाचण्या होत्या. त्यानं त्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. त्याला घाई नव्हती.

‘‘ठाऊक होतं?’’ त्यानं विचारलं.

‘‘होतं.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘शाळेपासून.’’

ब्राहिमनं मान हलवली, कापडाचा दोष शेवटी सापडल्यासारखी. मागे फाद्मा येऊन उभी राहिली. त्यांचं त्यांच्या बोलीत बोलणं झालं, आणि या खेपेला ब्राहिमनं तिला सगळं सांगितलं असावं, कारण त्याला बराच वेळ लागला. फाद्मानं सेर्वान्दोकडे पाहिलं. मग नवऱ्याला काहीतरी विचारलं.

‘‘ती म्हणते,’’ ब्राहिम म्हणाला, ‘‘ते पहिलं किती कोपऱ्यांवर म्हटलं होतंत?’’

सेर्वान्दो मोजायला लागला. ला पाल्माचा कोपरा, बाजाराचा, टपाल कचेरीचा, दोन्ही दारूच्या गुत्त्यांचे, नाटकगृहासमोरचा, बंदराच्या फाटकाचा... काही कोपऱ्यांवर दोनदा.

‘‘बऱ्याच,’’ तो म्हणाला.

‘‘मग हेही तितक्या कोपऱ्यांवर म्हणा,’’ ब्राहिम म्हणाला. ‘‘आम्ही येतो ऐकायला. रीत आहे ना, ज्याच्यावर कडवं, त्यानं समोर उभं राहायचं?’’ त्यानं आत जाऊन कोट घातला, दुकानाला कुलूप लावलं, आणि फाद्माला पुढे घातलं. मग वळून म्हणाला, ‘‘आणि सूर जरा खाली धरा. या सुरात म्हणालात तर माझ्या गावाला उगीच बट्टा.’’

रांगेतून कोणीतरी पहिल्यांदा हसलं. सेर्वान्दोवर.

त्यानं एप्रनला हात पुसले आणि चालायला लागला. मागे ब्राहिम आणि फाद्मा, त्यांच्या मागे मासे न मिळालेली निम्मी रांग. जवळचा कोपरा बाजाराचा होता. गुरुवारी सकाळी तिथं चिक्कार गर्दी असते.